माझ्या वाटचे मासे

आमच्या घरात नवस दुसऱ्याच्या जिवावर बोलायची पद्धत आहे. ज्याला काही सोडायचं असतं त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. वडिलांची तंबाखू अशीच गेली होती. ते गिरणीतून पाळी संपवून घरी आले, चुन्याची डबी उघडली, तर त्यांची आई म्हणाली, "ती ठेव, देवाक बोललंय." वडिलांनी तीन महिने पाळलं आणि चौथ्या महिन्यापासून चाळीतल्या संडासाच्या रांगेत उभं राहून गुपचूप खाल्ली. हे त्यांनी मला खूप वर्षांनी हसत हसत सांगितलं. आता ते नाहीत, नाहीतर मी त्यांना विचारलं असतं की बाबा, घरी येऊन आजीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचात हो?

माझे मासे सोडले गेले तेव्हा मात्र मी समोर हजर होते. नुसती हजर नव्हते, मीच हो म्हणाले.

माझा धाकटा भाऊ एसी दुरुस्तीची कामं करतो. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तो पवईहून आरेच्या रस्त्याने दिंडोशीला घरी येत होता. तबेल्यापाशी रस्त्यावर शेण आणि पाणी साचलं होतं, तिथे बाईक घसरली. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत सळी घातली, टाके घातले, आणि पंधरा दिवसांत जखमेत पू झाला. पुन्हा उघडून साफ केलं. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. वाट बघणं हे आमच्या आईला जमणारं काम नाही. तिने गावाला फोन लावला.

आमच्याकडे अडचण आली की देवळात गाऱ्हाणं घालतात. एकाने देवापुढे उभं राहून घरातलं दुखणं मोठ्याने मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावाला जाणं शक्य नव्हतं, म्हणून चुलत्याने देवळात फोन स्पीकरवर टाकला आणि आईने इकडे पलंगाच्या कडेला स्पीकरवर टाकला. गुरवाचं गाऱ्हाणं ऐकू येत होतं, आमचं "व्हय म्हाराजा" तिकडे जरा उशिराने पोचत होतं, त्यामुळे गुरव दर वाक्याला थांबून वाट बघायचा. भाऊ आडवा पडून हसत होता. मी त्याच्यासाठी मोसंबं सोलत होते. गाऱ्हाणं संपत आलं तेव्हा आईने मध्येच तोंड घातलं. फोनजवळ वाकून ती म्हणाली, "आणि झील आपल्या पायांनी चलत तुझ्या पायरीर येयसर माझा चेडू मासे खावचा नाय."

"व्हय म्हाराजा," तिकडून दहा-बारा आवाज आले. त्यांच्यात माझाही होता. मोसंब्याची साल निघत नव्हती, माझं लक्ष तिथे होतं. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं की झील, म्हणजे मुलगा, चालत देवळाच्या पायरीवर जाईपर्यंत मासे बंद ते चेडवाचे, आणि चेडू म्हणजे मी.

फोन बंद झाल्यावर मी आईवर जी उखडले ती उखडलेच. "तुला वेड लागलंय का गं? माझं पोट माशांवर आहे! नवस बोलायचा तर स्वतःचं काहीतरी सोड ना."

"पोट आसा म्हणान तर," आई शांतपणे म्हणाली. "कारल्याचो नवस कोण बोलता?"

"मी सुशी करते आई. ते चाखल्याशिवाय होत नाही."

"हलवाय मिठाय खाता? तू कर, विक. खाव नको." आणि मग तिच्या मनातलं खरं बाहेर आलं. "नायतरी कच्चे मासे कोण खातला?"

मी अंधेरीच्या एका रेस्टॉरंटमध्ये बारा वर्षं सुशी करते आहे. भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आता काचेच्या काउंटरमागे उभी राहते. आमच्या धंद्यात बहुतेक शेफ नेपाळ, दार्जिलिंग, मणिपूरकडचे. गिऱ्हाईक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतं, मग मेनूकडे, मग परत माझ्याकडे. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, "तुम्ही जपानला जाऊन आलात का?" मी म्हटलं, हो, गोरेगाववरूनच सुटते गाडी. मॅनेजरने त्यावरून मला झापलं होतं. बारा वर्षांत आई एकदाही मला काम करताना बघायला आली नव्हती. मुलगी हॉटेलात मासे कापते, यापुढे तिला काही जाणून घ्यायचं नव्हतं.

मी नऊ दिवस नवस पाळला. खोटं कशाला सांगू, नवसावर माझा विश्वास नाही. पण भावाचा पाय समोर दिसत होता, आणि पाय बरा व्हायच्या आड आपलं तोंड नको, एवढं तर कुणालाही वाटतं. माशाचे डोळे आणि कल्ले बघून अर्धं कळतं. उरलेलं अर्धं जिभेला कळतं, आणि माझी जीभ नऊ दिवस सुट्टीवर होती. दहाव्या दिवशी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि काही न बोलता बिल मागितलं. तो गेल्यावर मी प्लेटमधला उरलेला तुकडा तोंडात टाकला. मासा खराब नव्हता, पण त्याची चव निघून गेली होती, आणि ते मला सकाळीच कळायला हवं होतं.

त्या दिवशी मी स्वतःशी ठरवलं की मी मासे खात नाही, मी मासे तपासते. हा फरक मला तेव्हा फार पटला होता. पहिला आठवडाभर तपासणीचा तुकडा नखाएवढा होता. मग तो मोठा झाला. मग दुपारचं स्टाफचं जेवणही मी तपासायला लागले. निघताना लिंबाच्या सालीने हात घासायचे, दात घासायचे, बडीशेप खायची आणि घरी येऊन आईसमोर डाळभाताचं ताट घ्यायचं. भावाला ताकद यावी म्हणून त्याच्यासाठी रोज बांगडा नाहीतर सौंदाळे तळलेले असायचे. त्याला उठून बसता येत नव्हतं, म्हणून आई एकेक काटा काढून त्याला घास द्यायची. मी टीव्हीकडे बघत माझा डाळभात संपवायचे. लाज वाटायची का? पहिले काही दिवस वाटली. नंतर सवय झाली. सवय झाली याची लाज मला आज वाटते.

थोड्याच दिवसांनी आईही डाळभातावर आली. "मोतीबिंदू पिकलो गो, काटे दिसनत नाय," म्हणाली. मी म्हटलं, ऑपरेशन करून घेऊ. ती म्हणाली, आधी ह्याचा पाय, मग माझे डोळे. विषय तिथेच संपला.

मे महिन्यापर्यंत भाऊ काठी घेऊन चालायला लागला. जिन्याच्या चार पायऱ्या चढायचा, घाम पुसायचा, पुन्हा चढायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात गावाला जायचं आम्ही ठरवलं. देवळाला अकरा पायऱ्या आहेत. तो रोज सकाळी सोसायटीच्या जिन्यात अकरा मोजायचा, आणि आई खाली उभी राहून ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजायची.

त्याच सुमारास ही स्पर्धा आली. आमच्या बाजूला विशेष मुलांची एक शाळा आहे. व्हीलचेअर चढवता येईल अशी बस त्यांना घ्यायची होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं की उपनगरातले सुशी करणारे शेफ एका हॉलमध्ये आणावेत, लोकांनी कुपन घेऊन चाखावं, आवडेल त्या टेबलावरच्या डब्यात चिठ्ठी टाकावी, आणि जमेल ते सगळं बसला द्यावं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर धरून आम्ही सात जण होतो. हॉल गोरेगावातला, लग्नाचा. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच लटकत होती आणि त्यांच्याखाली आमचे पांढरे डगले. नवरदेव सात आणि नवरी एकही नाही, असं भाऊ फोटो बघून म्हणाला. मी त्याला म्हटलं, सातातली एक मी आहे रे.

"आई, तू जा बघायला," त्यानेच तिच्या मागे लागून तिला तयार केलं. "बारा वर्षांत एकदा तरी बघ ना, ती करते काय."

मी बांगडा न्यायचं ठरवलं. मॅनेजरने कपाळावर हात मारला. "बांगडा? अगं यार, लोक बांगडा खायला हॉलमध्ये येणार?" पण माझं पक्कं होतं. बाकी सगळे परदेशी मासे आणणार, ते मला माहीत होतं. बांगडा दोन दिवस डीप फ्रीजमध्ये ठेवला, मग तासभर मिठात, मग व्हिनेगरमध्ये दोन आमसुलं टाकून त्यात. वरची पातळ साल ओढून काढायची, चिमट्याने मधले काटे काढायचे, आणि तिरका कापून भाताच्या मुटक्यावर बसवायचा. सकाळी रेस्टॉरंटमध्ये मी दोन तुकडे चाखले. झकास झाला होता. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली सुशी होती, हे मी आजही म्हणेन.

आई रिक्षाने एकटीच आली. लग्नाकार्याची जांभळी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर पाण्याची स्टीलची बाटली. येऊन सरळ पहिल्या रांगेत बसली. मी लांबून हात केला. तिने हात केला नाही, नुसती मान हलवली. पण ती माझ्या टेबलावरची मांडणी, माझा सुरा, माझ्या डोक्यावरचा पट्टा, सगळं बघत होती, आणि मला लहानपणी गॅदरिंगला वाटायचं तसं वाटलं. आई आलीय, आता नीट करायचं.

लोक भरपूर जमले, पण टेबलांजवळ यायला घाबरत होते. घाटकोपरच्या शेफने जैन सुशी आणली होती, काकडी आणि पनीरची. गर्दी होती ती त्याच्याकडेच. बाकी टेबलांसमोर लोक हाताची घडी घालून उभे होते. कच्चा मासा, मे महिना, पोट बिघडलं तर काय? मग शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका माईकवर आल्या. स्पर्धा त्यांनीच भरवली होती.

"शाळेत खिचडी मुलांना वाढायच्या आधी बाई चाखतात," त्या म्हणाल्या. "आज आपणही तसंच करू. प्रत्येक शेफ आधी स्वतःच्या ताटातला एक घास तुमच्यासमोर खाईल, मग तुम्ही खा. म्हणजे कुणाला शंका नको."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कल्पना खरोखरच चांगली होती, कुठल्याही शेफला पटावी अशी. माझ्या पायांखालची जमीन मात्र सरकली.

बाई एकेका टेबलाशी थांबत येत होत्या. पहिल्याने खाल्लं, टाळ्या. दुसऱ्याने खाल्लं, टाळ्या. माझ्या शेजारच्या मणिपूरच्या शेफने तर दोन खाल्ले आणि बोटं चाटली, लोक हसले. पाचवं टेबल माझं. मी बांगड्याचा तुकडा उचलला आणि समोर बघितलं. पहिल्या रांगेतून आई माझ्या हाताकडे बघत होती.

आता वाटतं, पटकन तोंडात टाकायला हवा होता. बोंब झाली असती, घरी दोन दिवस अबोला झाला असता, संपलं असतं. किंवा सरळ सांगायचं, माझा नवस आहे. पण दोन्हींपैकी काहीच मला सुचलं नाही. मी देवाला घाबरून थांबले नव्हते. मी चोर होते आणि मालक समोर बसला होता, म्हणून थांबले होते. हात तसाच हवेत राहिला.

"मॅडम, घ्या ना," बाई माईकवर म्हणाल्या.

मी हसले. मला वाटतं मी हसले. मागून एक पुरुषी आवाज स्पष्ट ऐकू आला, "स्वतःच खात नाहीये यार, ताजा नसणार." दोघे-तिघे हसले. समोर उभ्या असलेल्या एका बाईने आपल्या मुलाला खांद्याला धरून मागे ओढलं. मॅनेजर हॉलच्या दाराशी उभा होता, त्याचा चेहरा मी बघितलाच नाही. बारा वर्षांची अब्रू त्या मुटक्यावर ठेवली होती आणि ती उचलून माझ्याच्याने तोंडात घालवत नव्हती.

आई उठली. पर्स खुर्चीवर ठेवली, बाटली पर्सवर ठेवली, आणि पदर खोचत टेबलाशी आली. माईककडे न बघता, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या चेडवाक आज उपास आसा. मी तेची आवस. मी खातंय."

"आज कसला उपवास?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या गावचो," आई म्हणाली, आणि माझ्या बोटांतून तो घास काढून घेऊन तिने तोंडात घातला.

माझी आई! कच्च्या माशाचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी. तिने डोळे मिटले आणि चावत राहिली. खूप वेळ चावत राहिली. मला वाटलं आता हिला उलटी होणार, मी कागदी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही. गिळून झाल्यावर तिने डोळे उघडले, ते पाणावले होते. "बरो लागता," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. "बांगडो आसा. ताजो आसा. खावा."

अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर माझ्या टेबलासमोर जी रांग लागली ती भात संपेपर्यंत तुटली नाही. मला दुसरं बक्षीस मिळालं, लाकडी पाटीवर पितळेचा मासा. परत येताना रिक्षात मी आईचा हात धरून बसले होते. "खरंच कसं लागलं गं?" मी विचारलं. "मीठ बरोबर होता," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. मला वाटलं, कच्चं खाल्ल्याने हिला मळमळतंय. त्या रात्री मी अगदी गाढ झोपले. आपण वाचलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अकराव्या दिवशी भावाला ताप आला. सकाळी जिन्यात तो सातव्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, "ताई, मांडी गरम लागतेय." दुपारपर्यंत मांडी सुजली. हॉस्पिटलात नेलं. हाडात जुना संसर्ग दबून राहिला होता, तो पुन्हा उसळला होता. सळी काढावी लागणार, हाड साफ करावं लागणार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "कधीपासून झाला असतला ह्या?" डॉक्टर बिचारे चांगले, म्हणाले, "तसं नक्की नाही सांगता येणार आजी. आठ-दहा दिवस झाले असतील." आईने मान हलवली. मी तिच्या शेजारीच होते आणि ती मनात काय मोजते आहे ते मला दिसत होतं.

तिसरं ऑपरेशन झालं. गावची तिकिटं रद्द केली. भाऊ परत पलंगावर आला, पण आता तो हसत नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडायचा. आईने बोलणं टाकलं. सकाळी देव्हाऱ्यापुढे उभी राहून ती दोन्ही गालांवर चापट्या मारून घ्यायची, जोरात, आवाज येईपर्यंत. "माझा चुकला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. मी बक्षिसाची पाटी फ्रिजवरून उचलून कपाटात टाकली, तरी तिने कधी विचारलं नाही की ती कुठे गेली.

मला वाटलं, मला सगळं कळलंय. माझ्या नवसाचा घास तिने माझ्याऐवजी खाल्ला, देवाला फसवलं, आणि म्हणून हे झालं, असं तिने धरून ठेवलंय. बॅक्टेरियाला काय माहीत कुणी बांगडा खाल्ला? पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिचं ओझं उतरवायचा एकच मार्ग होता. नवस त्या दिवशी मोडलाच नव्हता, मी तो आठ महिन्यांपूर्वीच मोडला होता, हे तिला सांगायचं. मग दोष माझ्यावर येईल, पण तिच्या गालावरचा हात तरी थांबेल. चार दिवस मी हिंमत गोळा करत होते. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, तेही सांगून टाकते.

मंगळवारी माझी सुट्टी असते. दुपारी आई ओट्याशी बसून बांगडे साफ करत होती. मी खाली फरशीवर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "आई, तुझ्या त्या एका घासाने काही झालेलं नाही. मी खात होते. दहाव्या दिवसापासून. रोज खात होते, कामावर. नवस मी मोडला, तू नाही."

तिने सुरी चालू ठेवली. कल्ले काढले, पोट साफ केलं, बांगडा पाण्यात टाकला.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तू खातंस ता. पयल्यापासून ठावक होता."

"कसं? वास यायचा?"

"वास तर तुझ्या हाताक बारा वर्सां येता." तिने दुसरा बांगडा घेतला. "मी हेच्यासाठी मासे तळी, तेव्हा तू टीव्ही बघी. ज्या माणसान मासे सोडल्यान, ता तव्याकडे बघता गो. तू एक दीस बघलंस नाय."

तिने त्या बांगड्याचे कल्ले ओढून काढले.

"म्हणान तुझ्या वाटचे मी सोडलंय," आई म्हणाली. "देवाक सांगलंय, चेडू पोटासाठी खाता. तेचा धरू नको. माझा धर."

मोतीबिंदू पिकलेली, काटे न दिसणारी माझी आई, आठ महिने रोज माझ्या डोळ्यांसमोर भावाच्या ताटातला केसासारखा बारीक काटासुद्धा शोधून काढत होती. ते बघूनही मला काही कळलं नव्हतं. ती तव्याशी उभी राहायची, तेल उडत असलं तरी हलायची नाही. मला वाटायचं, मासा करपू नये म्हणून बघतेय. आणि हॉलमध्ये डोळे मिटून ती जो इतका वेळ चावत होती, तो तिचा आठ महिन्यांतला पहिला बांगडा होता. ती किळस नव्हती. देवाला दिलेलं एकच खरं वचन तिने माझ्यासाठी चारचौघांत गिळलं होतं.

"मग खाल्लास कशाला?" मी ओरडले. आत भाऊ झोपला होता, तरी ओरडले. "झाली असती माझी फजिती! मेले असते का मी?"

"लोकांनी तुका नावा ठेवल्यानी असती," ती म्हणाली. "देव घरचो, समजान घेतल्यान असता, असा वाटला. लोक खय घरचे?" मग अगदी हळू, "पण नाय घेतल्यान समजान."

मी तिला खूप काही सांगितलं. हाड, सळी, संसर्ग, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. ती सगळ्याला हो म्हणाली. "डॉक्टराचा खराच असतला," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्याकडून पुन्हा तो चापट्यांचा आवाज आला. मी ओझं उतरवायला गेले होते, आणि ते ती माझ्या आधीपासून उचलून उभी होती, हे तेवढं कळून परत आले.

त्या मंगळवारपासून मी चाखत नाही. काउंटरवर माझ्या शेजारी उभा राहणारा शेफ माझ्यासाठी चाखतो. त्याला मी सांगितलंय की अंगावर पित्त उठतं, डॉक्टरांनी बंद केलंय. तो मान हलवून सांगतो, ठीक आहे, मीठ वाढव, आज हा नको. माझं काम पहिल्यासारखं राहिलेलं नाही, गिऱ्हाइकांना कळत असेलही. नवसावर माझा विश्वास अजूनही नाही. कुणी विचारलं तर मला कारण सांगता येणार नाही. आठ महिने तिने माझी पाळी भरली, आता मी भरते, इतकंच. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून नवस पाळायचा तर मग आमच्या घरात आणि चारचौघांत खाऊन दाखवायच्या त्या हॉलमध्ये काय फरक राहिला?

भाऊ आता भिंतीला धरून उभा राहतो. पायऱ्या अजून लांब आहेत.

परवा संध्याकाळी मी लवकर घरी आले. आई त्याच्यासाठी बांगडे तळत होती. मी डाळभाताचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, टीव्ही बाहेर चालू होता. तव्यावर बांगड्याची कड तांबूस होत होती, रव्याभोवती तेलाचे बुडबुडे येत होते. किती वेळ गेला मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा आईचा उलथणं धरलेला हात थांबला होता. मी तव्याकडे बघत होते, आणि ती माझ्याकडे बघत होती.